परतीच्या बसपासून मोजायचं

आमचा मुलगा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. डिसेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. कॉट्सवोल्ड्समधली जुनी खेडी बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या दगडी घरांची चित्रं किती कॅलेंडरांवर पाहिली असतील. मुलगा म्हणाला, "ख्रिसमसची सुट्टी लागली की गाडीनं नेतो." पण त्याच्या सुट्टीचे दिवस नातवंडांचे. ते आमच्या फिरण्यात जायला नकोत असं दोघांनाही वाटलं. तिथं गाडी चालवणं आम्हाला जमणार नव्हतं. मग बसनं जायचं ठरवलं, आणि तेही नाताळच्या आधी, कारण २५ तारखेला तिकडे रेल्वे आणि बस जवळजवळ बंद असतात, पुढचे काही दिवसही अर्धे बंदच.

हे साताऱ्याला एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वेळापत्रक दिसलं की अजून चष्मा लावून बसतात. त्यांनी मुलाच्या लॅपटॉपवरून त्या भागातल्या बसची वेळापत्रकं काढली, छापून घेतली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. सगळा बेत त्यांनीच केला, आणि तो सांगण्यासारखा आहे, म्हणून आधी तोच सांगते.

कॉट्सवोल्ड्स हा ऑक्सफर्डच्या पश्चिमेचा बुटक्या टेकड्यांचा प्रदेश. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांच्या लोकरीला युरोपभर भाव होता. त्या पैशातून मोठी चर्च उभी राहिली, बाजारपेठा वाढल्या. पुढे कापडाचा धंदा उत्तरेकडच्या यंत्रांच्या गिरण्यांकडे गेला आणि हा भाग मागे पडला. नवं बांधायला पैसा नव्हता, त्यामुळे जुनं तसंच राहिलं. घरं, कुंपणं, छपरंसुद्धा स्थानिक चुनखडीच्या दगडाची. त्या दगडात लोहाचा अंश आहे, म्हणून रंग मधासारखा पिवळा. १९६६ पासून हा सगळा पट्टा संरक्षित आहे.

मुक्काम मोरटन-इन-मार्शला करायचं ठरलं. कारण एकच, तिथं रेल्वे स्टेशन आहे. रेडिंगहून थेट गाडी, साधारण सव्वा तास. स्टेशनापासून मुख्य रस्ता पाच मिनिटांवर आणि सगळीकडच्या बस त्याच रस्त्यावरून सुटतात. मुलानं ऑनलाइन एक रेलकार्ड काढून दिलं. दोघांनी बरोबर प्रवास केला तर तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. आम्हाला तशीही घाई नव्हती.

बसच्या वेळापत्रकात ह्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं, तर तळाच्या बारीक अक्षरातल्या टिपा. काही फेऱ्या फक्त शाळेच्या दिवशी. काही फक्त शाळा नसलेल्या दिवशी. रविवारी त्यातल्या बऱ्याच मार्गांवर हिवाळ्यात बसच नाही. म्हणून आम्ही सोमवारी निघून शुक्रवारी परतायचं ठरवलं, आणि तेही शाळांना नाताळची सुट्टी लागायच्या आधी. नंतर गेलो असतो तर वेळा बदलल्या असत्या.

दुसरी गोष्ट उजेडाची. डिसेंबरात तिथं सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. ढग असले तर तीनलाच दिवे लागतात. ह्यांनी एक वही केली. प्रत्येक दिवसाच्या पानावर सर्वांत वर परतीची बस. तीही शेवटची नाही, शेवटच्या आधीची. शेवटची हाताशी राखून ठेवायची, तिच्यावर बेत आखायचा नाही. मग तिथून उलटं मोजत यायचं. किती वाजता थांब्यावर पोचायचं, किती वाजता मागे वळायचं, किती वाजता जेवायचं. उरलेला वेळ बघण्याचा. तो वेळ फार थोडा निघाला. एका दिवसात तीन-चार गावं करायची असं माझ्या मनात होतं. वहीत एकच गाव मावत होतं, फार तर त्याला लागून असलेलं दुसरं.

त्यात बायबरी हे गाव सुटलं. सून म्हणाली, "आई, बायबरी नाही तर मग काय बघणार तुम्ही?" तिचं बरोबर होतं. तिथली अर्लिंग्टन रो ही घरांची रांग १३८० च्या सुमाराला लोकरीचं कोठार म्हणून बांधली, सतराव्या शतकात तिची विणकरांची घरं झाली, आणि ब्रिटिश पासपोर्टवरही तिचं चित्र छापलं गेलं आहे. पण मोरटनहून तिकडे जायच्या मोजक्या फेऱ्यांमध्ये उजेडी परत येणं बसत नव्हतं. मला वाईट वाटलं. ह्यांनी मात्र वहीतलं पान शांतपणे खोडलं.

सोमवारी दुपारी मोरटनला उतरलो. सामान दोन पाठपिशव्या, बस. चाकांची बॅग नेली नाही ते फार चांगलं झालं, कारण तिथले जुने फूटपाथ उंचसखल आहेत. आमची राहायची खोली मुख्य रस्त्यावरच एका बाईंच्या घरी होती. रात्रीची खोली आणि सकाळची न्याहारी. बाई साठीच्या पुढच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी सांगितल्या. एक, दरीतल्या गावांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आणि वेळा कागदावर ठेवा. दुसरी, टॅक्सी लागली तर सकाळीच सांगून ठेवा, कारण इथले टॅक्सीवाले दुपारी शाळेच्या मुलांना घरी सोडायला जातात. त्या वेळेत कोणी मिळत नाही. त्यांनी दोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिले. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. तिचं काम पुढे पडलंच.

मंगळवारी मोरटनचा आठवडी बाजार असतो. सकाळी खिडकीतून पाहिलं तर रस्त्याकडेला तंबू उभे राहत होते. भाजी, चीज, लोकरी मोजे, स्वस्तातली भांडी. मी तिथून लोकरी मोज्यांचे दोन जोड घेतले, आणि पुढे रोज तेच घातले. कपड्यांचं एवढंच सांगते की एक जाड कोट घालण्यापेक्षा पातळ चार थर बरे. बसमध्ये हीटर असतो, चहाच्या दुकानात शेकोटी असते, बाहेर बोचरा वारा असतो. दिवसातून दहा वेळा काढायचं आणि घालायचं. आणि बूट पाणी आत न येणारेच हवेत. साधे स्पोर्ट्स शूज चालत नाहीत.

बाजार पाहून बसनं स्टो-ऑन-द-वोल्डला गेलो. इंग्लंडमध्ये २०२३ च्या जानेवारीपासून सरकारनं बसच्या एका वेळच्या तिकिटावर दोन पौंडांची कमाल मर्यादा घातली होती, ती २०२५ च्या जानेवारीपासून तीन पौंड झाली. त्यामुळे कितीही लांब गेलं तरी माणशी तीनच पौंड पडले. चढताना ड्रायव्हरला गावाचं नाव सांगायचं आणि कार्ड यंत्राला टेकवायचं. कंडक्टर नाही. उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला मोठ्यानं धन्यवाद देतो. अगदी शाळेतली पोरंसुद्धा. हे पहिल्या दिवशी जरा संकोचले, दुसऱ्या दिवसापासून तेच सर्वांत मोठ्यानं म्हणायला लागले.

स्टो टेकडीच्या माथ्यावर आहे, जवळजवळ आठशे फुटांवर. खाली मोरटनला वारा नव्हता, वर उभं राहवेना. चौकातून थेट चर्चमध्ये शिरलो. १६४६ मध्ये राजा आणि पार्लमेंटच्या पहिल्या यादवी युद्धातली शेवटची मोठी लढाई इथं झाली, आणि हरलेल्या राजाच्या सैनिकांना या चर्चमध्ये कोंडून ठेवलं होतं. चर्चच्या उत्तरेच्या दाराला दोन्ही बाजूंनी यू वृक्षांचे जुने बुंधे अगदी चिकटून आहेत. मी त्याचं रेखाटन करायला बसले. पाचव्या मिनिटाला बोटं वळेनात. पेन्सिल खाली ठेवली आणि फोटो काढला. हिवाळ्यात बाहेर बसून चित्र काढता येत नाही, हे मनाशी धरूनच जावं.

बुधवारी बोर्टन-ऑन-द-वॉटर. इथं गावातून विंडरश नदी वाहते. नदी म्हणजे घोटा-पोटरीभर पाणी, आणि त्यावर बुटके दगडी पूल. डिसेंबरात नदीच्या पात्रातच ख्रिसमसचं झाड उभं करतात. गावाची दगडातच केलेली छोटी प्रतिकृतीही आहे, मूळ मापाच्या एक नवमांश. ती १९३७ मध्ये खुली झाली. मला वाटलं होतं मुलांच्या खेळण्यासारखी असेल. पण कामगारांनी खरा दगड कापून खरी छपरं केली आहेत, खिडक्यांच्या चौकटी बरोबर आहेत. मी तिथं बराच वेळ काढला. हे दोनदा घड्याळ दाखवून गेले.

तिथून लोअर स्लॉटर मैलभरावर, पायवाटेनं. इंग्लंडात शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा आहेत, खांबावर पिवळा बाण असतो. मालकाच्या शेतातून जायचा हक्क सर्वांना आहे, फक्त फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. मेंढ्या असतात. लोअर स्लॉटरपर्यंत वाट बरी होती. ओढ्याच्या काठानं घरं, शेवटी जुनी गिरणी. पुढे अप्पर स्लॉटरची वाट चिखलाची. तिथं माझा गुडघा बोलायला लागला. ह्यांनी कुंपणाकडेची एक वाळकी फांदी उचलून दिली. तिच्या आधारानं पोचले. काठी घरूनच न्यायला हवी, विशेषतः साठी उलटलेल्यांनी.

अप्पर स्लॉटरला दुकान नाही, चहा नाही. पण ते गाव मी विसरणार नाही. इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत महायुद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगडी खांब दिसतो. अगदी वीस-पंचवीस घरांच्या गावातसुद्धा. इथं तसा खांब नाही. दोन्ही महायुद्धांत या गावातून गेलेले सगळे जण जिवंत परत आले. अशी गावं त्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ह्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "आपशिंगे." साताऱ्याजवळचं आपशिंगे मिलिटरी. घराघरांतून फौजेत जाणारं गाव. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले, आणि त्यांच्या नावानं इंग्रजांनी तिथं स्मृतिस्तंभ उभारला. त्या गावच्या गाडीची नोंद ह्यांनी वर्षानुवर्षं घेतली होती. स्तंभाजवळून जाणारे पेन्शनर त्यांच्या ओळखीचे. आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग परत फिरलो, कारण वळायची वेळ झाली होती.

त्या दिवशी जेवणाची अडचण झाली. ह्यांना मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, जेवण लांबलं तर साखर उतरते. बोर्टनला पोचेपर्यंत पावणेतीन झाले. खेड्यातल्या बहुतेक पबमध्ये दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं आणि संध्याकाळी सहाला उघडतं. मधल्या वेळात फक्त प्यायला मिळतं. दोन ठिकाणी नाही म्हणाले. ह्यांचा हात थरथरायला लागलेला मला दिसला. पर्समधली खजुराची वडी दिली. तिसऱ्या ठिकाणी, चहाच्या दुकानात, भाजलेला मोठा बटाटा मिळाला. आत लोणी, वरून राजम्यासारखे शिजवलेले पांढरे घेवडे आणि चीज. शाकाहारी माणसाला तिकडे पोटभर आणि स्वस्त खायला हाच पदार्थ. सूप मागितलं तर ते कोंबडीच्या पाण्यात केलंय का, हे विचारावं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाराला जेवायला लागलो, आणि पिशवीत खाकरे, शेंगदाणे, खजूर कायम. आणखी एक म्हणजे स्वच्छतागृह मोठ्या गावातच मिळतं, आणि तिथंही पैसे पडतात. बस सुटायच्या आधी जाऊन यावं. या गोष्टी कोणी लिहीत नाही, पण आमच्या वयाला याच लागतात.

रात्री पाऊस सुरू झाला. सकाळपर्यंत पडत होता.

गुरुवारी चिपिंग कॅम्डन. बसमध्ये आमच्याशेजारी एक आजी बसल्या होत्या, डॉक्टरकडे चाललेल्या. त्यांनी खिडकीतून शेतांकडे बोट दाखवून सांगितलं की पाणी अजून चढेल. आम्ही ते ऐकलं, पण त्याचा बसशी काय संबंध हे तेव्हा लक्षात आलं नाही.

कॅम्डन मला सगळ्यांत आवडलं. लांबच लांब वळणाचा मुख्य रस्ता, आणि मधोमध १६२७ चा बाजाराचा दगडी मंडप. लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून सर बॅप्टिस्ट हिक्स यांनी तो बांधला. खालची फरशी चारशे वर्षांच्या पायांनी झिजून खोलगट झाली आहे. १९०२ मध्ये सी. आर. अ‍ॅशबी नावाचे वास्तुकार लंडनच्या पूर्व भागातले सुतार, लोहार, चांदीकाम करणारे कारागीर बायकामुलांसह इथं घेऊन आले. हातकामाचा सहकारी कारखाना चालवायचा असा त्यांचा विचार होता. काही वर्षांत तो तोट्यात जाऊन बंद पडला. पण जुन्या रेशीम गिरणीत चांदीकामाचं एक दालन आजही चालू आहे. अरुंद जिना चढून वर गेलं की ठोकण्याचा आवाज येतो. कोणी अडवत नाही. भिंतीवर जुने हातोडे टांगलेले, टेबलं वापरून काळी पडलेली. मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं हस्तकलेचा इतिहास शिकवला, पण असं काम चाललेलं ठिकाण पहिल्यांदा पाहिलं.

आणि मला ब्रॉड कॅम्डनला जायचंच होतं. कॅम्डनहून मैलभर. तिथं एक जुनं नॉर्मन काळातलं चॅपल आहे. अ‍ॅशबींनी त्याची डागडुजी करून ते राहण्याजोगं केलं, आणि १९०७ च्या सुमाराला तिथं कला-इतिहासकार आनंद कुमारस्वामी राहत होते. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करताना आम्ही त्यांचे लेख अभ्यासले होते. 'मीडिव्हल सिंहलीज आर्ट' हे त्यांचं पुस्तक १९०८ मध्ये याच घरी, विल्यम मॉरिस यांच्या छापखान्यातल्या हातयंत्रावर छापून तयार झालं. आता ते खासगी घर आहे. आत जाता येत नाही. रस्त्यावरून दगडी भिंत आणि छपराचा उतार दिसतो. पाऊस थांबला होता, पण गल्लीतून पाणी वाहत होतं. मी तिथं उभी राहिले आणि मला भरून आलं. भारतीय शिल्पाकडे बघायला ज्यांनी आम्हाला शिकवलं, ते या चिखलाच्या गावात, या थंडीत बसून खिळे जुळवलेली पानं तपासत होते.

कॅम्डनला परत आलो तेव्हा बसला पंधरा मिनिटं होती. वहीप्रमाणे सगळं बरोबर. थांब्यावर आणखी कोणी नव्हतं. वेळ झाली, बस आली नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. थांब्यावर फक्त कागदी वेळापत्रक, पुढची बस कुठं आहे हे सांगणारी पाटी नाही. मोबाइलला रेंज एक काडी येई आणि जाई. दिवे लागले. माझे मोजे ओले झाले होते. ह्यांनी पुन्हा पुन्हा छापील कागद पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्यांचा चेहरा बदलला. ते त्यांच्या नोकरीत किती वेळा अशा खोळंबलेल्या लोकांशी खिडकीतून बोलले असतील. आता ते स्वतः थांब्यावर होते आणि खिडकी नव्हती. मला भीती वाटली. परक्या देशात अंधार पडलाय, ह्यांची साखर, आणि कोणाला विचारायचं ते कळत नाही.

कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी विचारलं, बसची वाट बघताय का. पुढे सखल भागात रस्त्यावर पाणी आलं होतं, म्हणून गाड्या दुसऱ्या वाटेनं वळवल्या होत्या. आमच्या थांब्यावर त्या येणारच नव्हत्या. यात कोणाचा दोष नव्हता. पण त्या बाई थांबल्या नसत्या तर आम्ही आणखी तासभर उभे राहिलो असतो. त्यांनी आम्हाला समोरच्या पबमध्ये नेलं आणि मालकाला सांगितलं.

तिथून मी चिठ्ठीवरच्या पहिल्या नंबरला पबच्या फोनवरून फोन केला. शाळेच्या फेरीवर, साडेचारनंतर. दुसऱ्यालाही तेच. पहिल्यालाच पक्कं सांगितलं. स्वयंपाकघर बंद होतं, तरी मालकानं न मागता पाव, चीज आणि लोणचं आणून ठेवलं. पैसे घ्यायला तयार नव्हता, मी जबरदस्तीनं दिले. शेकोटीजवळ बसून बुटांतून वाफ निघत होती. टॅक्सी पाच वाजता आली. बसच्या दोन तिकिटांच्या पाचपट पैसे पडले. मी एक अक्षर बोलले नाही. खोलीवर पोचल्यावर रडू आलं, ते थकल्यामुळे.

रात्री ह्यांनी वहीत नवीन ओळ लिहिली. सकाळी निघायच्या आधी घरमालकिणीला विचारायचं, पाणी कुठं भरलंय, कुठला रस्ता बंद आहे. तिथल्या माणसाला ते न बघता माहीत असतं. आणि पाऊस रात्रभर पडला असेल तर नदीकाठचं गाव सोडून टेकडीवरचं गाव निवडायचं.

म्हणून शुक्रवारी टेकडीवर गेलो. आकाश स्वच्छ होतं आणि कडक थंडी पडली होती. अशा सकाळी फूटपाथवर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो. ओला डाग वाटतो, पाय ठेवला की सरकतो. मालकिणीनं सांगितलं, दहापर्यंत थांबा, ऊन येऊ द्या. थांबलो. मग जवळच्या बोर्टन-ऑन-द-हिलला बसनं जाऊन तिथून शेतातल्या पायवाटेनं निघालो. चिखल गोठला होता, त्यामुळे चालायला उलट सोपं झालं.

वाट एका मोठ्या, निगा राखलेल्या माळातून जाते. मेंढ्या, ओकची झाडं, आणि अचानक समोर हिरवट तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट. मोगली छत्र्या, छज्जा, सगळं. हे सेझिनकोट. ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावून आलेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी त्यांचे वास्तुकार भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल यांनी १८०५ च्या सुमाराला हे घर बांधायला घेतलं. घर हिवाळ्यात बघता येत नाही, पण पायवाटेवरून स्पष्ट दिसतं. स्टोच्या दुसऱ्या बाजूला डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्ज यांचं घर आहे. तेही याच वास्तुकारानं नवं करून दिलं. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ज्यांच्या काळात झालं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं मिटलं, ते हेस्टिंग्ज १८१८ मध्ये तिथं वारले. त्याच वर्षी इकडे पेशवाई संपली. डेल्सफर्ड खासगी आहे, आम्ही गेलो नाही. पण त्या पिवळ्या दगडाच्या गावांतून आपल्याकडचा पैसा कसा मुरला आहे, ते घुमटापाशी उभं राहून नीट कळलं. सुंदर आहे, हेही खरं. मी तिथं उन्हात बसून पंधरा मिनिटांत एक रेखाटन पुरं केलं. सहलीतलं तेवढंच.

परतताना आमचा थांबा गावाबाहेरच्या वळणावर होता. खांब रस्त्याच्या एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूची बस समोर, खांब नसलेल्या जागी थांबते. हे सकाळच्या ड्रायव्हरला विचारून ठेवलं होतं. त्यानं असंही सांगितलं होतं की हे सगळे विनंती थांबे आहेत, हात केल्याशिवाय गाडी थांबत नाही, आणि काळ्या कोटातली माणसं संध्याकाळी दिसत नाहीत. म्हणून हे फोनचा दिवा लावून, तो खाली रस्त्याकडे धरून उभे राहिले. डोळ्यांवर मारायचा नाही. बस आली, तोच ड्रायव्हर होता. मोरटनला शेवटचा थांबा. प्रवासी उतरल्यावर ह्यांनी त्याला सांगितलं की मी पण याच कामातला, भारतात. त्यानं इंजिन बंद केलं आणि स्वतःचा ड्युटीचा कागद दाखवला. दोघं पाचेक मिनिटं फेऱ्या, विश्रांतीची वेळ आणि उशिराची नोंद यावर बोलत होते. मी बाहेर पिशव्या घेऊन उभी होते आणि मला थंडी वाजत नव्हती.

रेडिंगच्या गाडीत हे वही काढून बसले. बायबरीचं खोडलेलं पान त्यांनी पुन्हा लिहिलं. मुक्काम मोरटनऐवजी सायरनसेस्टरला, कारण तिथून बायबरी जवळ पडतं. महिना एप्रिलचा शेवट. सूर्य साडेआठला मावळतो, म्हणजे परतीची बस उजेडातच मिळते. मुलाला तारखा कळवल्या आहेत.